फुल-स्टॅक वेब आणि पदव्युत्तर शिक्षण : चळतीतले टिकणार काय?

संगणकशास्त्राच्या पदवीनंतर पुढे काय, हा प्रश्न आता शाळेतल्या शिक्षकांपर्यंतही येऊन पोहोचला आहे. जुने विद्यार्थी भेटायला येतात तेव्हा विचारतात, बारावीच्या मुलांचे पालक विचारतात, आणि या प्रश्नात एक शब्द हटकून येतो : फुल-स्टॅक. खासगी वर्गांच्या पाट्यांवर तो आहे, नोकरीच्या जाहिरातींत आहे, आणि एम.सी.ए. व एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमांतही तो आता एक विषय म्हणून येऊ लागला आहे. तीन-चार महिन्यांच्या वर्गात जे शिकवले जाते तेच दोन वर्षे आणि त्याहून कितीतरी अधिक पैसे खर्च करून विद्यापीठात शिकावे काय? आणि शिकायचेच असेल तर पदव्युत्तर या शब्दाला शोभेल असे त्यात काय असायला हवे? या दोन प्रश्नांचा येथे विचार करू.

चर्चा मोघम होऊ नये म्हणून आम्ही एक प्रत्यक्ष अभ्यासक्रम समोर ठेवणार आहोत. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागाचा ‘फुल स्टॅक ओपन’ हा अभ्यासक्रम सर्वांना खुला आहे, विनामूल्य आहे आणि इंग्रजीत उपलब्ध आहे. या विषयावरच्या चांगल्या अभ्यासक्रमांत त्याची गणना होते. टीका करायची तर चांगल्या गोष्टीवर करावी. सुमार गोष्टीवरच्या टीकेतून कोणालाच काही मिळत नाही.

चळत म्हणजे काय?

स्टॅक म्हणजे चळत. स्वयंपाकघरात ताटांची चळत असते तशी वेबवरच्या कोणत्याही सोयीमागे कामांची चळत असते. शालान्त परीक्षेचा निकाल पाहण्याचे उदाहरण घेऊ. विद्यार्थी मोबाइलवर आपला बैठक क्रमांक लिहितो आणि बटण दाबतो. जे पान त्याला दिसते त्याचा सांगाडा एचटीएमएलचा, रंगरूप सीएसएसचे आणि बटण दाबल्यावर होणारी हालचाल जावास्क्रिप्टची. हा झाला वरचा थर. बैठक क्रमांक तारांवरून आणि तरंगांवरून दूरच्या एका यंत्राकडे जातो. त्या यंत्राला सर्व्हर म्हणतात. क्रमांक बरोबर लिहिला आहे का, निकाल जाहीर झाला आहे का, ही तपासणी तेथील आज्ञावली करते. हा मधला थर. गुण मात्र डेटाबेसमध्ये असतात, म्हणजे सुव्यवस्थित लावून ठेवलेल्या माहितीच्या कोठारात. हा तळाचा थर. वरचा आणि मधला थर ज्या भाषेत एकमेकांशी बोलतात तिचे नियम म्हणजे एचटीटीपी.

हे सर्व थर ज्याला हाताळता येतात तो फुल-स्टॅक विकासक. घराच्या कामात गवंडी, सुतार, नळवाला आणि वायरमन अशी चार माणसे लागतात. ती चारही कामे जाणणारा एकच माणूस मिळाला, असे समजा. या कल्पनेला बळ मिळाले ते २००९ नंतर. त्या वर्षी रायन डाल यांनी नोड हे साधन तयार केले आणि त्यामुळे ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट सर्व्हरवरही सहज वापरता येऊ लागली. वरच्या आणि मधल्या थराला एकच भाषा पुरू लागल्यावर एकाच माणसाने दोन्ही कामे करावीत ही अपेक्षा ओघाने आली.

थरांची वये

या चळतीतल्या वस्तूंची जन्मवर्षे मांडून पाहिली तर एक गोष्ट लगेच ध्यानात येते. डेटाबेसमधील माहिती कोष्टकांच्या रूपात ठेवावी आणि त्या कोष्टकांवर गणिती क्रिया कराव्यात, ही कल्पना एडगर कॉड यांनी १९७० साली एका शोधनिबंधात मांडली. वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या जिनिव्हाजवळच्या भौतिकीच्या प्रयोगशाळेत मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते तंत्र सर्वांसाठी खुले केले. जावास्क्रिप्ट ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये रचली. ही सारी मंडळी आजही कामावर आहेत.

आता साधनांकडे पाहू. अँग्युलर-जेएस हे वरच्या थराचे साधन २०१० मध्ये आले. काही वर्षे ते जिकडेतिकडे शिकवले जात होते, आणि २०२१ संपता संपता त्याचा अधिकृत सांभाळ थांबला. रिअ‍ॅक्ट २०१३ मध्ये खुले झाले व आजही जोरात आहे. पण रिअ‍ॅक्टचे काम सुरू करून देणारे ‘क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप’ हे २०१६ चे साधन फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरवण्यात आले. हेलसिंकीच्या अभ्यासक्रमातही पूर्वी हेच साधन होते. तेथील शिक्षकांनी त्याऐवजी वाइट हे दुसरे साधन आधीच आणले होते. ही त्यांची तत्परता कौतुकास्पद आहे. पण त्यातून विषयाचा स्वभावही कळतो.

म्हणजे चळतीत दोन जातींच्या वस्तू आहेत. एक जात पन्नास-पन्नास वर्षे टिकते, दुसरी दहा-बारा वर्षांत जुनी होते. आज बावीस वर्षांचा विद्यार्थी साधारण २०६० पर्यंत नोकरी करणार. त्या काळात दुसऱ्या जातीच्या वस्तू तीन-चार वेळा बदलतील. पदव्युत्तर शिक्षणाची दोन वर्षे कोणत्या जातीवर खर्च करावीत, हा खरा प्रश्न आहे.

हेलसिंकीचे काय आवडले?

पहिली गोष्ट म्हणजे सुरुवात. पहिल्याच भागात विद्यार्थ्याला ब्राउझरची तपासणी-खिडकी उघडायला सांगतात. बटण दाबल्यावर कोणता निरोप सर्व्हरकडे गेला, कोणते उत्तर आले, ते उत्तर आल्यावर आणखी कोणते निरोप गेले, हे सारे तिथे ओळीने दिसते. मग त्या देवाणघेवाणीचा क्रम आकृतीने काढायचा. जुन्या पद्धतीच्या पानात आणि नव्या पद्धतीच्या पानात तो क्रम कसा वेगळा असतो, हेही आकृती काढूनच समजून घ्यायचे. विज्ञानाच्या शिक्षकांना यातले मर्म सांगायला नको. आधी निरीक्षण, मग आकृती, मग स्पष्टीकरण, हाच तो क्रम.

दुसरी गोष्ट, स्वाध्याय लहान आणि पुष्कळ आहेत. एक आज्ञावली हळूहळू वाढत जाते आणि प्रत्येक पायरीवर ती चालते की नाही हे पाहता येते. आपली आज्ञावली तपासणारी दुसरी आज्ञावली लिहायची सवयही लावली जाते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती अभ्यासक्रमाच्या आकाराशी संबंधित आहे. त्याच्या मुख्य भागाला पाच श्रेयांक आहेत. फिनलंडमध्ये एक श्रेयांक म्हणजे सुमारे २७ तासांचे काम, म्हणजे पाच श्रेयांकांचे सुमारे १३५ तास झाले. पुढचे सगळे भाग केले तर ही बेरीज चौदाच्या घरात जाते. तेथील पदव्युत्तर पदवी १२० श्रेयांकांची असते. म्हणजे सगळे भाग धरूनही हे काम एका पदव्युत्तर पदवीच्या साधारण नवव्या हिश्श्याएवढे भरते. प्रवेशासाठी प्रोग्रॅमिंग चांगले यावे, डेटाबेस आणि वेब यांची तोंडओळख असावी, अशी अपेक्षाही ते सांगतात. थोडक्यात, हेलसिंकीच्या मंडळींनी फुल-स्टॅकला एका वैकल्पिक विषयाची जागा दिली आहे, पदवीची नाही. आपल्याकडे जेव्हा या नावाने संपूर्ण पदवी किंवा विशेष शाखा उघडली जाते तेव्हा हे प्रमाण ध्यानात ठेवायला हवे.

कोठे थांबायला हवे होते?

आता उणिवा. तिसऱ्या भागात विद्यार्थी माहिती साठवायला लागतो, आणि त्यासाठी माँगो हा २००९ चा डेटाबेस घेतला आहे. कॉड यांच्या कोष्टकांचा डेटाबेस येतो तेराव्या भागात. डेटाबेसची ओळख आधी झालेली असावी अशी अट असल्यामुळे हेलसिंकीच्या विद्यार्थ्याचे यात नुकसान नाही. पण खुल्या अभ्यासक्रमात जगभरातले विद्यार्थी येतात. त्यांतले कितीतरी पाचव्या किंवा सातव्या भागावर थांबत असणार, आणि माहिती साठवण्याची जी पद्धत पन्नास वर्षे टिकली ती न शिकताच बाहेर पडत असणार.

याहून मोलाचा मुद्दा एका साध्या स्वाध्यायात दडलेला आहे. विद्यार्थ्याने लेखांची यादी दाखवणारी सोय बनवायची आहे. प्रत्येक लेखापाशी ‘आवडले’ असे बटण आणि ते किती जणांनी दाबले याचा आकडा. समजा, आकडा ७ आहे. वाचकाने बटण दाबले की ब्राउझर ७ मध्ये १ मिळवून ८ करतो आणि लेखाची संपूर्ण नवी नोंद सर्व्हरला पाठवतो. सर्व्हर जुन्या नोंदीच्या जागी नवी ठेवतो. स्वाध्यायाची मांडणी अशी आहे. एकट्याने करून पाहिले तर ते बिनचूक चालते.

आता दोन वाचक एकाच वेळी आले असे समजा. दोघांच्याही पडद्यावर ७ आहे. पहिल्याने बटण दाबले. सर्व्हरवर ८ झाले. दुसऱ्याच्या पडद्यावर अजून ७ च आहे. त्याने बटण दाबले. त्याच्या ब्राउझरनेही ८ च पाठवले. दोन माणसांना लेख आवडला आणि आकडा एकानेच वाढला. एक नोंद हरवली, आणि कोठेही चूक झाल्याची सूचना आली नाही.

लेखाच्या आवडीचा एक आकडा हरवला तर आकाश कोसळत नाही. पण हीच रीत रेल्वेच्या आसनांना, वाचनालयातल्या पुस्तकाच्या एकुलत्या प्रतीला किंवा शिष्यवृत्तीच्या शिल्लक रकमेला लावली तर? या प्रश्नाला संगणकशास्त्रात ‘हरवलेला बदल’ म्हणतात. अनेक जण एकाच वेळी लिहीत असताना नोंदी शाबूत कशा ठेवायच्या, याचे शास्त्र घडवणाऱ्यांत जिम ग्रे हे अग्रणी, आणि त्यासाठी त्यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

उपाय सोपा वाटतो. ब्राउझरने ‘आकडा ८ करा’ असे न सांगता ‘आकडा एकाने वाढवा’ असे सांगावे, आणि बेरीज सर्व्हरने, डेटाबेसच्या ताब्यात राहून करावी. मग दोन निरोप आले की ९ होणारच. पण इथेच दुसरी अडचण उभी राहते. निरोप सर्व्हरपर्यंत पोहोचला, आकडा वाढला, आणि ‘काम झाले’ हे उत्तर परत येताना वाटेत जाळे तुटले. वाचकाला काहीच कळले नाही, म्हणून त्याने पुन्हा बटण दाबले. आता एकाच माणसाचे दोन आकडे वाढले. ‘८ करा’ हा निरोप दहा वेळा पाठवला तरी ८ च राहिले असते. ‘एकाने वाढवा’ हा निरोप पुन्हा पाठवणे मात्र धोक्याचे. बटणाच्या जागी परीक्षाशुल्क भरण्याची कल्पना करा म्हणजे धोका किती मोठा ते कळेल.

पुन्हा केली तरी फरक न पाडणाऱ्या क्रियेला गणितात एक नाव आहे. १८७० मध्ये बेंजामिन पर्स या अमेरिकन गणितज्ञाने ‘आयडेम्पोटंट’ हा शब्द घडवला. संख्येचे केवलमूल्य एकदा घ्या किंवा दोनदा घ्या, उत्तर तेच. लिफ्टचे बटण एकदा दाबा किंवा पाचदा दाबा, लिफ्ट एकदाच येते. वेबच्या एचटीटीपी नियमांतही हा शब्द जसाच्या तसा आहे, आणि कोणता निरोप या जातीचा आहे व कोणता नाही हे तेथे स्पष्ट लिहिले आहे. नोंदीच्या जागी नोंद ठेवा असे सांगणारा ‘पुट’ हा या जातीचा. ‘पोस्ट’ या जातीचा असेलच अशी हमी नाही.

तेव्हा एका निरोपाला पुनरावृत्ती चालते पण गर्दी चालत नाही, आणि दुसऱ्याला गर्दी चालते पण पुनरावृत्ती चालत नाही. दोन्ही साधायचे तर आणखी काही करावे लागते. एक मार्ग असा : सर्व्हरने प्रत्येक नोंदीबरोबर एक खूणचिठ्ठी द्यायची, आणि बदल पाठवताना ब्राउझरने म्हणायचे, ‘ही खूण अजून तीच असेल तरच बदल करा.’ खूण बदलली असेल तर सर्व्हर ४१२ या क्रमांकाचे उत्तर देऊन नकार देतो. मग ताजी नोंद मागवून पुन्हा प्रयत्न करायचा. ही सोय एचटीटीपीच्या १९९७ च्या आवृत्तीपासून आहे. दुसरा मार्ग असा : प्रत्येक मागणीला ब्राउझरने स्वतःचा एक वेगळा क्रमांक द्यायचा आणि सर्व्हरने तो लक्षात ठेवायचा, तोच क्रमांक पुन्हा आला तर काम पुन्हा न करता आधीचेच उत्तर परत द्यायचे. बँकेत एकाच पावतीपुस्तकातली पावती दोनदा वटत नाही, तसे.

आमच्या मते पदव्युत्तर अभ्यासाची जागा नेमकी इथे आहे. बटण चालते करणे ही पदवीच्या किंवा तीन महिन्यांच्या वर्गाची पातळी. ते बटण कोणत्या परिस्थितीत चुकेल हे आधीच ओळखणे, चुकवून दाखवणे, आणि दोन उपायांपैकी कोणता का निवडला याचे कारण देणे, ही त्यापुढची पातळी. हेलसिंकीचा अभ्यासक्रम विद्यार्थ्याला या दारापर्यंत आणून सोडतो. दार उघडून देणे हे त्याने स्वतःचे काम मानलेले नाही; पण पदव्युत्तर म्हणवणाऱ्या अभ्यासक्रमाला तसे म्हणून सुटता येणार नाही.

विद्यार्थी या शब्दात अक्षरे किती?

आणखी एक उदाहरण घेऊ. हे आपल्या भाषेतले आहे आणि त्यामुळे परदेशी अभ्यासक्रमात ते मिळणार नाही. ‘विद्यार्थी’ या शब्दात अक्षरे किती? आपण म्हणू, तीन : वि, द्या, र्थी. संगणकावर देवनागरी लिहिण्यासाठी युनिकोड ही संकेतपद्धती वापरतात. तिच्यात व्यंजन, मात्रा आणि हलन्ताची खूण यांना वेगवेगळे क्रमांक आहेत. त्यामुळे व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, वेलांटी असे या शब्दाचे दहा घटक होतात. जावास्क्रिप्टला या शब्दाची लांबी विचारली तर ती दहा सांगते. तारेवरून पाठवताना वेबवर बहुधा यूटीएफ-८ ही पद्धत वापरतात. ती केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये रचली. तिच्यात देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट घेतो. म्हणजे शब्द तीस बाइटांचा झाला.

वाचणाऱ्याला तीन, ब्राउझरला दहा, तारेला तीस. ‘नाव वीस अक्षरांच्या आत लिहा’ असे अर्जावर असेल तर यांतली कोणती वीस? कोणी विसाव्या बाइटवर नाव कापले तर सातव्या घटकाचे दोन बाइट राहतात, तिसरा जातो, आणि शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटते. मराठी नावांची अशी मोडतोड अनेकांनी छापील कागदांवर पाहिली असेल.

हजेरीपटाचा क्रम लावतानाही हेच होते. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो. युनिकोडच्या क्रमांकांत मात्र तो ल आणि व यांच्या मध्ये बसला आहे. संगणकाला नुसत्या क्रमांकांप्रमाणे नावे लावायला सांगितली तर ‘काळे’ आधी आणि ‘कासार’ नंतर येतात. मराठी शब्दकोशाच्या क्रमाने ‘कासार’ आधी यायला हवे. हा क्रम ब्राउझरने लावायचा की डेटाबेसने? दोघांनी वेगवेगळ्या नियमांनी लावला तर पहिल्या पानावरचा विद्यार्थी दुसऱ्या पानावर पुन्हा दिसेल किंवा दिसणारच नाही. चळतीचे सर्व थर एकत्र समजून घेण्याची गरज इतकी स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. महाराष्ट्रातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने या एका प्रश्नावर एक सत्र काम केले तर त्याचे आणि मराठीचे दोघांचेही भले होईल.

पण नोकरीचे काय?

या साऱ्यावर एक रास्त आक्षेप आहे. कंपन्या मुलाखतीत रिअ‍ॅक्ट येते का, नोड येते का, असे विचारतात. हरवलेल्या बदलाचा सिद्धान्त विचारतीलच असे नाही. कर्ज काढून शिकणाऱ्या मुलाला पहिली नोकरी लागणे महत्त्वाचे असते. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. नुसत्या तत्त्वांचा अभ्यासही आम्हाला नको आहे. पोहण्याचे शास्त्र काठावर बसून कळत नाही. ज्याने एकही पूर्ण सोय बांधून चालवलेली नाही त्याला ‘हरवलेला बदल’ ही परिभाषेतली एक व्याख्याच वाटणार. म्हणून साधने शिकलीच पाहिजेत. मतभेद आहे तो प्रमाणाविषयी.

दोन गोष्टींनी हे प्रमाण बदलायला हवे. एक म्हणजे वेळ. आपल्याकडे एम.सी.ए.चा अभ्यासक्रम २०२०-२१ पासून तीन वर्षांऐवजी दोन वर्षांचा झाला. एक वर्ष कमी झाल्यावर काय ठेवायचे आणि काय गाळायचे, याचा निर्णय अधिक काळजीने घ्यायला हवा. जे साधन विद्यार्थी खुल्या अभ्यासक्रमातून १३५ तासांत स्वतः शिकू शकतो ते चार तासिकांचे विषय करून वर्गात शिकवण्यात अर्थ कमी.

दुसरी गोष्ट म्हणजे यंत्रांनी लिहिलेली आज्ञावली. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅट-जीपीटी आले, आणि तेव्हापासून ‘आवडले’चे बटण लिहून दे म्हटले की काही क्षणांत ते मिळू लागले आहे. ते दोन वाचकांच्या गर्दीत टिकेल का, हे तपासण्याची जबाबदारी मात्र मागणाऱ्याचीच राहते, आणि ते तपासायचे तर काय तपासावे हे आधी ठाऊक असावे लागते. जे काम यंत्र करू लागले त्याचेच प्रशिक्षण देणारी पदवी लवकर स्वस्त होणार.

तिसरा एक प्रसंगही सांगण्याजोगा आहे. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या सार्वजनिक भांडारातून ‘लेफ्ट-पॅड’ नावाची अवघ्या ११ ओळींची आज्ञावली तिच्या लेखकाने काढून घेतली. शब्दाच्या डाव्या बाजूला मोकळी जागा भरणे, एवढेच तिचे काम. पण हजारो प्रकल्प प्रत्यक्ष किंवा आडून तिच्यावर अवलंबून होते, आणि ती परत ठेवीपर्यंत त्यांची बांधणी अडली. आपल्या चळतीत खाली काय काय आहे हे ठाऊक नसलेल्यांची त्या दिवशी तारांबळ उडाली. तयार साधने वापरायला शिकवताना ती कशावर उभी आहेत हे शोधायलाही शिकवावे, एवढा धडा यातून घ्यावा.

अभ्यासक्रम कसा पारखावा?

एखादा विद्यार्थी माहितीपत्रक घेऊन आला तर शिक्षकाने कोणते प्रश्न विचारावेत? संगणकशास्त्र न शिकलेल्या शिक्षकालाही विचारता येतील असे चार प्रश्न आम्ही सुचवतो.

पहिला : अभ्यासक्रमात जी नावे आहेत त्यांतली किती वीस वर्षांपूर्वीही होती? सगळीच नवी असतील तर सावध व्हावे. सगळीच जुनी असतील तरीही.

दुसरा : विद्यार्थ्याने बांधलेली वस्तू मोडून पाहण्याचे काम त्यात आहे का? एकाच वेळी शंभर मागण्या सोडणे, मध्येच जाळे तोडणे, नावाच्या रकान्यात भलतेच काही लिहिणे, आणि काय झाले ते मोजून नोंदवणे, हे प्रयोगशाळेचे काम आहे. जर्नलमध्ये पडद्यांची चित्रे चिकटवणे हा प्रयोग नव्हे.

तिसरा : मूळ कागद वाचायला लावतात का? कॉड यांचा १९७० चा निबंध पदव्युत्तर विद्यार्थ्याला वाचता येण्याजोगा आहे. रॉय फील्डिंग यांनी २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठात, अर्व्हाइन येथे सादर केलेल्या पीएच.डी.च्या प्रबंधात ‘रेस्ट’ ही रचना मांडली, आणि आज फुल-स्टॅकच्या प्रत्येक वर्गात तिचे नाव घेतले जाते. तो प्रबंध खुला आहे. नाव रोज घ्यायचे आणि मूळ कधी उघडायचे नाही, हे पदव्युत्तर शिक्षणाला शोभत नाही.

चौथा : प्रकल्पाची परीक्षा कशी होते? ग्रंथालय-व्यवस्थापन आणि रुग्णालय-व्यवस्थापन हे प्रकल्प वर्षानुवर्षे त्याच रूपात सादर होताना दिसतात. त्यात वाईट काही नाही, जर परीक्षक विचारणार असेल की, पुस्तकाची एकच प्रत दोघांनी एकाच क्षणी मागितली तर तुझी आज्ञावली काय करते?

या चार प्रश्नांना समाधानकारक उत्तरे देणारा अभ्यासक्रम असेल तर तेथे दोन वर्षे जरूर द्यावीत. नसेल तर विद्यार्थ्याला सांगावे की हेलसिंकीसारखा खुला अभ्यासक्रम स्वतः पुरा कर, छोटी नोकरी धर, आणि दोन वर्षांनी कोणते प्रश्न अडतात ते पाहून मग पदव्युत्तर शिक्षणाचा विचार कर. असा विद्यार्थी परत येतो तेव्हा प्रश्न घेऊन येतो, आणि ते त्याच्या प्राध्यापकांनाही हवे असते.

वर्गात करून पाहा

यातला मुख्य मुद्दा आठवी-नववीच्या वर्गातही दाखवता येतो. संगणक लागत नाही. फळ्यावर ७ हा आकडा लिहा. दोन मुलांना एकदम पुढे बोलवा, आकडा वाचायला सांगा, आणि जागेवर जाऊन आपापल्या चिठ्ठीवर एक मिळवून लिहायला सांगा. मग एकेकाने यावे, फळ्यावरचा आकडा पुसावा आणि चिठ्ठीवरचा लिहावा. दोघांनी एक-एक वाढवूनही फळ्यावर ८ च उरेल. आता नियम बदला : आकड्याला हात लावायचा नाही, फळ्यापाशी उभ्या असलेल्या तिसऱ्या मुलाला फक्त ‘एक वाढव’ अशी चिठ्ठी द्यायची. या वेळी ९ होतील. मग एका चिठ्ठीचे उत्तर मुद्दाम परत देऊ नका आणि त्या मुलाला तीच चिठ्ठी पुन्हा पाठवायला सांगा. फळ्यावर १० होतील.

आता वर्गालाच विचारा की १० ऐवजी ९ च राहावेत म्हणून चिठ्ठीवर आणखी काय लिहायला हवे. आमचा अंदाज आहे की कोणीतरी मुलगा किंवा मुलगी म्हणेल, ‘सर, चिठ्ठीवर नंबर टाकू या.’